पंधरावी सुई

स्पामध्ये तीन ताया होत्या. मसाज करणारी मसाजताई, वाफेच्या खोलीची वाफताई आणि तिसरी सुईताई. तिघींनाही आईबापांनी रीतसर नावं ठेवली होती, पण ती हजेरीच्या वहीत पडून असत. सुया हाती येण्याआधी सुईताई नऊ वर्षं तिथेच लोकांचे पाय औषधी पाल्याच्या कोमट पाण्यात, लाकडी टबात भिजवायचं काम करत होती. तेव्हा तिला कुणी पायताई म्हटलं नाही, हे तिचं नशीब.

पाय भिजवता भिजवता तिने सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर, शिकून घेतल्या. दोन वर्षं, दर रविवारी, चिनी वैद्यकी शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. पहिले दोन महिने त्यांनी तिला संत्र्यात सुया टोचायला लावल्या, पुढचे दोन महिने स्वतःच्या पोटरीत. त्यानंतर दुसऱ्या कुणाचं तरी अंग लागणार होतं. तेव्हा सासूबाईंनी आपला दुखरा गुडघा पुढे केला. सुनेने टोचायचं आणि सासूने त्यासाठी आपणहून पाय ताणून बसायचं, असलं दृश्य त्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं. शेजारणी वाटीभर साखरेचं निमित्त काढून डोकावून जात. "बघा, बघा," सासूबाई म्हणत. "तुमच्या सुना न शिकताच टोचतात. माझी परीक्षा देऊन टोचणारे."

परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं, चौकटीत बसलं. आता स्पाच्या मॅडमना पटवणं तेवढं राहिलं.

मॅडम वयाने सुईताईपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि उत्साहाने दहा माणसांना पुरून उरणाऱ्या. त्यांना नाव आधी सुचायचं, वस्तू मागून यायची. पाय भिजवण्याला त्यांनी 'मूळशांती' म्हटलं होतं. पाठीवर काचेचे कप लावून कातडी वर ओढतात, त्याचे गोल गोल डाग आठवडाभर राहतात, म्हणून त्याचं नाव 'पौर्णिमा'. वाळक्या पाल्याची कांडी पेटवून अंगाजवळ शेक देतात त्याला आधी 'अग्निस्पर्श' म्हणत, पण दोन गिऱ्हाइकं नाव वाचूनच परत गेली, तेव्हापासून ते 'उबदार क्षण' झालं. कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू होता आणि दिवसभर बासरीसोबत वाहत्या पाण्याचा आवाज लावलेला असे. त्या पाण्यापायी निम्मी माणसं उपचार अर्धवट सोडून बाथरूमकडे धावत, पण मॅडमच्या मते ती शरीरशुद्धीच होती.

सुयांचं ऐकून मॅडमनी बराच वेळ पेन हलवलं आणि मग सांगितलं की तीन महिने बघू. कोपऱ्यातली छोटी खोली घ्या. पण एक जरी तक्रार आली तर सुया बंद, आणि मग आपले टब आहेतच. हे त्या गोड बोलल्या. त्या सगळंच गोड बोलत.

सुईताईने ती खोली स्वतः पुसून काढली, पलंगाची चादर रोज घरून इस्त्री करून आणली आणि अकरा आठवडे जिवापाड काम केलं. टबाचं काम वाईट होतं असं नाही. पण नऊ वर्षांत तिने माणसांचे पायच पाहिले होते, तेही घोट्यापर्यंत. आता माणूस समोर बसायचा, ती जीभ बघायची, मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघायची, झोप लागते का, भूक लागते का असं विचारायची, आणि माणूस सांगू लागायचा. नऊ वर्षांत कुणी टबातून मान वर करून तिच्याशी असं बोललं नव्हतं. ही खोली हातची जाणार असेल तर ती परत टबापाशी वाकू शकेल का, हा विचार ती शक्यतो मनात येऊ देत नसे.

दर गुरुवारी चार वाजता सर येत. गणिताचे मास्तर, निवृत्त, वय सत्तर, डोक्यावर पांढऱ्या केसांचं रान आणि त्या रानाखाली जुनी डोकेदुखी. मुलीने आग्रहाने पाठवलं म्हणून आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी पलंगावर उताणं पडून सांगून टाकलं की अंगावर या ज्या रेघा तुम्ही मानता, त्या आजवर कुणी माणूस उघडून पाहिल्यावर सापडलेल्या नाहीत. सुईताईने शांतपणे म्हटलं, सर, बूट काढा. त्यांनी काढले. तेव्हापासून दोघांचं बरं जमलं होतं. तिसऱ्या गुरुवारी तिने त्यांच्या कानाच्या पाळीला मोहरीएवढे मणी चिकटवले आणि तीन दिवस तसेच राहू द्या म्हणून सांगितलं. सरांनी तीन दिवस, म्हणजे बरोबर बहात्तर तास, ते राहू दिले.

घोळ झाला चौथ्या गुरुवारी.

सुया घालायच्या तर मोजून घालायच्या आणि मोजून काढायच्या, हे म्हाताऱ्या डॉक्टरांनी डोक्यात ठोकून बसवलं होतं. प्रत्येक सुई केसाएवढी बारीक, आपल्या वेगळ्या नळीत बंद. सुई घातली की रिकामी नळी वाडग्यात टाकायची. सुया काढल्या की वाडग्यातल्या नळ्यांशी ताळा जुळवायचा आणि मगच माणसाला उठवायचं. सुईताई हे एकदाही चुकली नव्हती. पण त्या दिवशी निम्म्या सुया काढून झाल्या होत्या आणि मॅडम दारात उभ्या राहिल्या. शेजारी दाताचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांचा निरोप होता की पाल्याचा धूर भिंतीच्या फटीतून येतोय आणि तोंड उघडून बसलेले पेशंट खोकतायत. सुईताईने तीनदा माफी मागितली, खिडकी उघडली, उरलेल्या सुया काढल्या, सरांना पाणी दिलं आणि ते गेले.

पाच वाजता तिने वाडगा उचलला. नळ्या पंधरा.

वापरलेल्या सुया टाकायचा पारदर्शक डबा तिने चार वाजता नवा उघडला होता, म्हणजे त्यात होत्या त्या सरांच्याच. तिने बाहेरूनच मोजल्या. चौदा. मग उलट बाजूने मोजल्या, जणू त्या बाजूने एखादी जास्त निघेल. चौदाच. तिने पलंग झटकला, चादर उजेडात धरली, गुडघ्यांवर बसून फरशीवरून हात फिरवला. आणि तशीच बसलेली असताना तिला आठवलं. टाळूवरची. केसांच्या रानात, अगदी मधोमध. तीच सुई ती दर वेळी शेवटी काढायची.

सर डोक्यात सुई घेऊन गावभर हिंडत होते.

तिने फोन लावला. तो उचलला सरांच्या मुलीने, कारण सर आपला फोन घरी ठेवत. खिशात ठेवला की तो वाजतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबा थेट केस कापायला गेलेत, मुलगी म्हणाली, बसस्टॉपच्या मागे, तीस वर्षं तिथेच जातात. का हो, काही काम होतं? सुईताईच्या डोळ्यांसमोर कंगवा आला, मग मशीन आलं. त्यांच्याकडे आमची एक वस्तू चुकून राहिली आहे, एवढंच तिला सुचलं. मुलीने आवाज खाली नेऊन विचारलं, "बाबांनी टॉवेल उचलला का?"

सुईताई स्पाच्या हिरवट गणवेशात आणि कापडी सपातांतच रस्त्यावर आली. सपाता गालिचावर चालायच्या होत्या, रस्त्यावर धावायच्या नव्हत्या. पहिली दुसऱ्या वळणावर उसवली. लोक वळून बघत होते. सिग्नलला एका बाईने तिला विचारलं की स्पाला आग वगैरे लागली का.

सलूनमध्ये शिरली तर सर खुर्चीत होते. गळ्याभोवती कापड, पाठ ताठ, मान अशी स्थिर की डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवली असावी. बाजूचे केस अगदी आखीव कापलेले होते आणि वरचं रान जसंच्या तसं उभं होतं. त्यामुळे सर एखाद्या ब्रशसारखे दिसत होते. सलूनवाला हातात कात्री घेऊन भिंतीला टेकला होता. सुईताईला पाहताच त्याने तिच्याकडेच गाऱ्हाणं मांडलं. तीस वर्षं हे डोकं माझ्या हातात आहे, आणि आज म्हणतात वर हात लावू नकोस, वर काम चालू आहे. असं अर्धं डोकं बाहेर गेलं तर नाव कुणाचं जाणार? आणि वर ती एक तार उभी आहे. मला वाटलं, कानाच्या मशीनची असेल.

"आलात? बरं झालं," सर आरशातूनच म्हणाले. मान वळवायला ते तयार नव्हते. "याला जरा समजावून सांगा. पंधरा घातल्यात, चौदा काढल्यात. मी मोजत होतो, मला खोडच आहे ती. मागच्या गुरुवारी मणी ठेवलेत, या गुरुवारी एक सुई ठेवलीत. तीन दिवस ना? मी झोपेचं बघून ठेवलंय. शेजाऱ्यांकडून आरामखुर्ची सांगितली आहे, तीन रात्री बसून काढीन."

सुईताई दाराशी धापा टाकत उभी होती. रेघा न मानणारा माणूस त्याच रेघेवरची सुई सांभाळण्यासाठी तीन रात्री बसून काढायला निघाला होता. इतकं आज्ञाधारक गिऱ्हाईक तिला अकरा आठवड्यांत मिळालं नव्हतं.

आणि किती सोपं होतं सगळं. एक 'हो' म्हणायचं. हो सर, ठेवली होती, पण आता पुरे, काढते. सुई निघाली असती, सलूनवाल्याने वरचं रान कापलं असतं, सर घरी जाऊन मुलीला पद्धतीचं कौतुक सांगत बसले असते. तक्रार नाही, खोली शाबूत. तिने तोंड उघडलंही. पण समोरच्या आरशात सरांचा चेहरा होता, आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने पाढा बरोबर म्हटल्यावर होतो तसा तो झाला होता.

"सर, मी विसरले," ती म्हणाली. "ठेवली नव्हती. राहिली."

सलूनवाल्याने रेडिओ बंद केला. सुईताईने हात धुतले, पर्समधून कापूस काढला, एका हाताने केस बाजूला केले आणि दुसऱ्याने सुई उचलली. कापूस दाबून धरला. रक्ताचा टिपूससुद्धा आला नाही.

सरांनी पहिल्यांदा मान वळवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग तिच्याकडे. डोकं पावणेपाचपासून दुखत नाहीये, असं ते म्हणाले, आणि याचं स्पष्टीकरण काय ते मागितलं. सुईताईने सांगितलं की सुईमुळेही असेल, किंवा दीड तास मान न हलवल्यामुळेही असेल, मला ठाऊक नाही. सरांची नजर तिच्या उसवलेल्या सपातेवर गेली.

"छत्तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "चूक लपवायला आलेले शेकड्यांनी पाहिले. सांगायला कुणी धावत आलं नव्हतं, तेही फाटक्या चपलेत." मग सलूनवाल्याला म्हणाले, "काप आता वरचे. बघत काय बसलास?"

तिला वाटलं, एवढ्यावर निभावलं. पण घरी सासूबाईंना सांगताना तिच्याच लक्षात आलं की स्पामध्ये एक नोंदवही असते आणि काही घडलं तर तिच्यात लिहायचं असतं. कप लागला, पाय भाजला, फरशीवर कुणी घसरलं, सगळं. सासूबाई पाय ताणून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की लिही. न लिहिता सुटलीस तर पुढच्या वेळी माझ्या गुडघ्यातसुद्धा विसरशील, आणि मी काही तुझ्या सरांसारखी मोजत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाच ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि वही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी वाचलं, दार लावून घेतलं आणि आधी म्हणाल्या की हे पान फाडून टाकू. मग त्यांनी परत वाचलं. 'डोकं दुखत नाहीये' या ओळीपाशी त्यांचं पेन थबकलं आणि सुईताईला तो चेहरा दिसला, नाव सुचतानाचा. 'सोबतसुई'. मॅडमनी हवेत अक्षरं काढून दाखवली. स्पामधून जाताना एक सुई सोबत, तीन दिवसांची शांती. त्या गृहस्थांनीच नाही का, तीन दिवस बसून राहायची तयारी केली? लोकांना हेच हवं असतं ताई, घरी न्यायला काहीतरी.

सुईताईने नाही म्हटलं. गेल्या नऊ वर्षांत ती मॅडमना पहिल्यांदाच नाही म्हणत होती, त्यामुळे मॅडमना ते आधी ऐकूच गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली. ती चूक होती, तिला नाव देऊन दारात मांडायची नाही. मी घातलेली सुई मीच काढणार, इथेच.

मॅडमनी वही मिटली. बरं, त्या गोडपणे म्हणाल्या, मग नोंद झाली म्हणजे तक्रार झाली. पुढच्या गुरुवारी तीन महिने होतायत, त्या दिवशी सरांना काय ते सांगा आणि खोली मोकळी करा.

तो आठवडा सुईताईने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. चादरीला मात्र रोज इस्त्री झाली.

गुरुवारी चार वाजता सर आले ते बगलेत पुठ्ठ्याची फाइल आणि हातात एक पाटी घेऊन. पलंगाकडे न जाता ते सरळ मॅडमच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले की मला तक्रार द्यायची आहे. सुईताईच्या हातातला वाडगा जवळजवळ सुटलाच. तक्रार दीड पानांची होती, परिच्छेदांना क्रमांक दिलेले. तक्रार ताईंविरुद्ध नव्हती, पद्धतीविरुद्ध होती. मोजणारा एकच माणूस, तोच काम करणारा, आणि मध्येच त्याला धुराच्या गोष्टी सांगणारं कुणीतरी. अशा रचनेत चूक व्हायचीच, ती आजवर झाली नाही याचंच आश्चर्य. उपाय क्रमांक चार: सुई घालताना ताईंनी मोठ्याने आकडा म्हणावा, पडलेल्यानेही म्हणावा, आणि दोघांचा जुळला तर पाटीवर लिहावा. काढताना तसंच उलटं. आणि काम चालू असताना दाराला कडी.

मॅडम म्हणाल्या की छानच आहे, पण लोक इथे शांततेसाठी येतात. कानाशी कुणी पाढे म्हणत असेल तर कसली शांतता?

"तुम्हाला मोजल्याशिवाय चैन पडतं का?" सरांनी विचारलं. "सुया घेताना, म्हणजे."

मॅडम हसल्या. मग हसणं थांबवून टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. वर्षानुवर्षं पौर्णिमा, उबदार क्षण आणि काय काय विकणाऱ्या त्या बाईने आजवर यातलं काहीच अंगाला लावून घेतलं नव्हतं, हे सुईताईला त्या कागदांवरून कळलं. सरांनाही कळलं असावं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की माझी चारची वेळ मी यांना देतो, मी इथे वाचत बसेन.

गिऱ्हाईक समोर बसलेलं, वाफताई आणि मसाजताई आपापल्या दारांत कान देऊन उभ्या. मॅडम कोपऱ्यातल्या खोलीत आल्या, बूट काढले, पलंगावर पडल्या आणि छताकडे बघत हळू आवाजात विचारलं की किती दुखतं.

"चिमटीएवढं. पहिलीला," सुईताई म्हणाली. "जीभ दाखवा."

जीभ पाहून झाली. नाडी तीन बोटांखाली मांजरानं पाठलाग केल्यासारखी पळत होती. सुईताईने विचारलं, झोप लागते का, आणि मॅडम काहीतरी गोड बोलायच्या बेतात होत्या, पण नाही म्हणाल्या. चार-पाच वर्षं नीट नाही. पहाटे जाग येते आणि मग डोक्यात नावं येत राहतात. सुईताईने मान हलवली, कडी लावली, हातात पाटी दिली आणि बासरी बंद केली. खोलीत एकदम कोरडं झाल्यासारखं वाटलं.

"एक," सुईताई म्हणाली.

मॅडमनी डोळे गच्च मिटले होते. काही झालं नाही, तेव्हा एक डोळा उघडला. "झाली? एक."

पाचपर्यंत त्या आकडा म्हणताना दात आवळत होत्या. सातव्याला त्यांनी विचारलं की अजून किती, आणि उत्तराची वाट न बघता सात लिहिलं. नवव्याला खांदे पलंगाला टेकले. ते इतका वेळ टेकलेलेच नव्हते, हे मॅडमनाही आत्ताच कळल्यासारखं दिसलं. बाहेर टेबलावरचा फोन वाजू लागला. मॅडमची बोटं पाटीच्या कडेवर हलली, मग थांबली. फोन वाजून वाजून बंद झाला.

"अकरा," सुईताई म्हणाली.

"अकरा." खडूचा आवाज झाला. मॅडमचे डोळे आता नुसते मिटलेले होते. "ताई, पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात गुरुवारी तुम्हाला दोन वेळा वाढवून टाकते. आणि दारावर पाटी लावू, आत मोजणी चालू आहे म्हणून. तिला नाव मी ठेवणार."

"मॅडम, ते..."

"आता बोलू नका. माझं चुकेल."